तिसरी हाक

आई, मी एक खेळ बनवते आहे. ब्राउझरमध्ये उघडतो, डाउनलोड करावा लागत नाही. तुला तो आवडला नसता. पडद्यावर मोहाची झाडं, खाली पडलेली फुलं, हातात टोपली. खेळणाऱ्याने फुलं वेचायची. मधेच झाडांमागून कोणीतरी हाक मारतं. खाली ‘ओ’ असं बटण आहे. तिसऱ्या हाकेआधी ते दाबलं की चित्र बिघडायला लागतं. झाडं आडवी फाटतात, हाक मारणारा आवाजही फाटतो, हिरवा रंग ओघळून फुलांवर येतो, आलेली वाट मागे उरत नाही. हे बिघाड मी एकेक ओळ लिहून केले आहेत. दिवसभर कंपनीसाठी दुसऱ्यांचे बिघाड काढते, उरलेल्या वेळात स्वतःचे घालते. थकायला होतं.

नियम तुझाच आहे. तुझ्या माहेरी, गडचिरोलीकडच्या जंगलात, आपण पहाटे मोहफुलं वेचतो आहोत. मामाची हाक येते, मी ‘ओ’ म्हणते, आणि तू माझा दंड धरतेस. “पाह्यलं का कोन हाय ते? एका हाकेले ओ देऊन मोकळी! मानूस असन तं तीनदा बलावन.” मी म्हणते, मामाचाच आवाज होता. “आवाज कोनाचाही काढता येते,” तू म्हणतेस. मी तेव्हा हसले होते. आता या खेळात तेच माझं काम आहे.

खेळाला आवाज हवा होता. तुझा माझ्याकडे एकच आहे. नवा फोन आणला होता, मी रेकॉर्डिंग तपासत होते आणि तू स्वयंपाकघरातून ओरडलीस, “ये वं पोरी, जेवाले!” घरात तो नियम नव्हता. मी लगेच ‘आली’ म्हटलं, म्हणून दुसरी हाक झालीच नाही. आता तुझ्याच हिशेबाने त्या आवाजाला ओ द्यायला नको. मी हाक कापून घेतली, तिच्या तीन प्रती केल्या आणि खेळात बसवल्या.

शुक्रवारी खेळ सगळ्यांसाठी उघडायचा आहे. तुझा आवाज त्यात ठेवायचा का, हे ठरत नव्हतं. अनोळखी लोक तो पुन्हा पुन्हा फाडतील, घाबरतील, हसतील. तसं व्हावं म्हणूनच तर मी हा खेळ बनवला आहे.

रविवारी दुपारी मी बल्लारपूरच्या घरात खेळ तपासत होते. हेडफोन लावायला विसरले. पहिली हाक गेली आणि, ती पोरीला असली तरी, आतून बाबा म्हणाले, “हो, आलो!” तांदूळ धुता धुता तसेच ओल्या हातांनी दारात आले. लॅपटॉपने दुसरी हाक मारली, मग तिसरी. मला बंद करायचं सुचलं नाही. त्यांनी हात पुसले आणि वाकून पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “हे ते नाई.”

“तिचाच आवाज आहे, बाबा.”

“आवाज हाय तिचा. पन तुही माय तिसऱ्या बारीले लाटनं घेऊनच आली असती. हे तं तिन्ही बारीले गोडच बोलून राह्यली.” आणि आत जाऊन त्यांनी कुकर लावला.

त्यांचं बरोबर होतं. एकच हाक तीनदा वाजवली की तीन हाका होत नाहीत. मी तुझी फाईल खेळातून काढली आणि तेच वाक्य माझ्या आवाजात तीनदा रेकॉर्ड केलं. पहिली हाक, दुसरी, आणि तिसरीला मी खरोखरच वैतागले होते, तेव्हा ती नीट आली. आतून बाबा ओरडले, “हे बराबर! आता जेवाले ये.” शुक्रवारी लोकांना माझा आवाज ऐकू येईल. तुला कोणी फाडणार नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहिता आलं. एक राहिलं. जुनी प्रत मी पुसलेली नाही. ती माझ्या लॅपटॉपवर आहे आणि तपासणी म्हणून मी ती अधूनमधून उघडते. तिसऱ्या हाकेनंतर ‘ओ’ दाबलं की काय होतं ते मीच लिहिलं आहे, पण त्या प्रतीत ते अजून पाहिलेलं नाही. तू पहिल्यांदा हाक मारलीस की माझं बोट बटणावर गेलेलं असतं.