आप्पांचं चुकलेलं बोट

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुमची चूक मला काल सापडली. आता मीच गिटारचा क्लास घेते. काल मुलींना जी सेव्हन कॉर्ड शिकवत होते. सी म्हणजे घर आणि जी सेव्हन म्हणजे घराच्या अलीकडचं वळण, हे तुमचंच वाक्य. पुस्तकात पुढच्या पानावर त्याच कॉर्डचं बदललेलं रूप होतं, दुसऱ्या तारेवरचं बोट गिटारच्या दांडीवर एक पट्टी पुढं, पाचवा सूर अर्ध्यानं चढवलेला. वाजवलं आणि अंगावर काटा आला. हा तर तुमचा सूर! क्षणभर टोचतो आणि घराकडं ओढून नेतो. याला ऑल्टर्ड कॉर्ड म्हणतात, आप्पा. लोक तो शिकायला वर्षं घालवतात. तुम्ही सुप्याच्या कारखान्यातून पाळी करून यायचात आणि चहा होईपर्यंत गिटार घेऊन उंबऱ्यावर बसून तो शोधायचात. शेवटच्या सीमध्ये तर नववा सूर जास्तीचा ठेवायचात, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी एक भाकरी जास्त थापावी तसा. कुणी शिकवलं हो तुम्हाला? भीमगीतांच्या पार्टीतल्या पेटीवाल्या काकांनाही हे ठाऊक नव्हतं.

जयंतीच्या आधीची विहारातली तालीम आठवते. तुम्ही पाळीवरून थेट आला आहात. मी, तुमची लेक, दहावीत, नगरच्या गिटार क्लासला नुकती जायला लागलेली, दीडशहाणी. सगळ्यांसमोर म्हणते, "आप्पा, बोट चुकतंय तुमचं. तिसऱ्या पट्टीवर पाहिजे, चौथ्या नाही." काका हसतात. तुम्ही रागावत नाही.

"आगं, घरी जायच्या आदी पाय जरा आडखळला, की घर लई गोड लागतंय."

"पुस्तकात असं नाही."

"बरं. तू म्हन्ती तर तसं."

आणि तुम्ही बोट मागं घेतलंत. जयंतीला सगळी गाणी सरळ वाजवलीत, पुढंही कायम सरळच. माझ्या एका वाक्यापायी तो सूर आमच्या घरातून गेला. काल तो परत आला तेव्हा मुलींसमोरच माझे डोळे भरले. एवढा मोठा वादक रोज माझ्या पुढ्यात बसून चहा प्यायचा आणि मला पत्ता नव्हता.

हा कागद कुठं टाकणार? तुमच्या गिटारच्या खोळीत ठेवते. फक्त एक सांगायचं राहिलं. तो सूर मला त्या दिवशीही आवडला होता, आप्पा. पण विहाराच्या दारात क्लासच्या मैत्रिणी उभ्या होत्या आणि तुमच्या अंगावर कारखान्याचे तेलकट कपडे होते.