अ आणि ब यांच्यामधली तार

९ जानेवारी १९८७, शुक्रवार
चार पत्रं टाईप केली. पुणे, हैदराबाद, बंगलोर, भोपाळ. ६ फेब्रु.ची बैठक नागपुरातच, सगळ्यांना गाड्या सोयीच्या. पाच लहान कारखाने. न थांबणारे कम्प्युटर बनवतो म्हणून सांगतो आणि एकाचं कार्ड दुसऱ्याच्या खोक्यात बसत नाही. मंडळ काढलं ते एवढ्यासाठीच: सगळ्यांचं माप एक, आराखडे सगळ्यांना खुले. चिटणीस मी, कारण टाईपरायटर आमच्या शेडमध्ये. शरद भागीदार असून त्याने एकही पत्र पाकिटात घातलं नाही.

१२ जाने., सोमवार
कोळसा खाणीवर. तिथे खाली माणसांना हवा देणारे दोन पंखे. एक नंबरवर आमच्या कम्प्युटरची जोडी, दोन नंबरवर हैदराबादची. हैदराबादच्या जोडीचं सामाईक कार्ड जळालं. आमचं तसंच कार्ड कपाटात पडून होतं, पण पिना वेगळ्या. पंखेवाला नामदेव बावणे दोन दिवस मीटरकडे बघत हाताने पंखा सांभाळतो आहे. डोळे लाल.
"दोन्ही कम्प्युटरच ना बाई? मंग याचं त्याले काहून बसत नाही?"
मी पिना, व्होल्टेज सांगायला लागले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "खाली आमच्या कुहीकडची चार पोरं हायेत."
येताना जीपमध्ये शरद ते जळालेलं कार्ड मांडीवर घेऊन पिना मोजत होता.

१५ जाने., गुरुवार
श. तयार झाला. आमचं अदलाबदलीचं सर्किट तो मंडळाला देणार, फुकट, नावाशिवाय. तीन वर्षांची त्याची मेहनत. अ काम करतो आणि दर सेकंदाला तारेवरून ब-ला ‘हजर’ सांगतो. हजेरी चुकली की ब ताबा घेतो. पंख्याला कळतसुद्धा नाही.
"देऊन टाकू, नलू. पण मग सगळ्यांनी हेच घ्यायचं. त्या हैदराबादच्या रावांचं नाही."
हा अहंकार आहे. असू दे. मला आज त्याचा अभिमान वाटला. कालचा तिळगूळ डब्यात राहिला होता, तो दोघांनी संपवला.

२४ जाने., शनिवार
हैदराबादच्या रंगारावांचा आराखडा आला. त्यांचा ब आधी अ-ची वीज तोडतो, ती तुटल्याची खात्री करतो, मग ताबा घेतो. मध्ये काही सेकंद जातात.
श. हसून हसून बेजार. "म्हातारबुवा आधी दाराला कडी लावून, मग चष्मा शोधून राहिले."
पुणे आणि भोपाळ यांची पत्रं आली, दोघेही आमच्या बाजूने. आम्ही धरून पाचात तीन. झालंच म्हणायचं.

३ फेब्रु., मंगळवार
दुपारी बैठकीसाठी टेबल सरकवत होतो. अ आणि ब यांच्यातली तार निसटली.
अ चालूच होता, फक्त त्याची हजेरी ब-ला ऐकू येईना. ब-ला वाटलं, अ गेला. त्याने ताबा घेतला. दोन्ही हिरवे दिवे लागले. एक मोटर चालू करतोय, दुसरा बंद. मोटर चालू-बंद करणारा रिले खडखड खडखड.
श.ने तार परत लावली. परत काढली. असं सात-आठ वेळा.
तीन वर्षांत आम्ही प्रत्येक वेळी अ-ची वीजच काढून बघितली. तार कधी काढली नाही.
खाणीवर हेच बसवलं आहे.

४ फेब्रु., बुधवार
मी जे बोलले ते इथे लिहून ठेवते. मी म्हणाले, "बैठक होऊ दे, मग सांगू. दुरुस्ती काढूच की आपण." चिटणीस बोलली हे.
श. खिडकीशी उभा. "मंग म्हणजे केव्हा? पाच शहरांत बनून जाईल हे."
भांडलो नाही. भांडलो असतो तर बरं.
घरी आई, "काहून वं, ताटावर बसून कोणाशी बोलून राहिली तू?"

६ फेब्रु., शुक्रवार
बैठक. धरमपेठेतल्या हॉलमध्ये आमची जोडी मांडली. पुणेकर म्हणाले, आधी मत घेऊन टाकू, मग जेवण.
श. उठला. "मत घ्यायच्या अगोदर एक पाहा." आणि तार काढली.
रिलेचा आवाज. मग त्याने सांगितलं की ही जोडी तीन ठिकाणी बसवलेली आहे, एक खाणीवर.
मला वाटलं, राव आता ऐकवतील. ते उठून टेबलाशी आले, स्वतः तार लावली, काढली. हिंदीत म्हणाले, माझंही असंच झालं होतं, म्हणून तर हळू केलं. कुणाला सांगितलं मात्र नाही. मग त्यांनी शरदचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.
रावांची पद्धत पाचही मतांनी. श.चं मतही त्यातच. इतिवृत्त लिहिताना मला मध्येच थांबावं लागलं.

९ फेब्रु., सोमवार
तिन्ही गिऱ्हाइकांना पत्रं. आमच्या यंत्रात दोष आहे, आम्ही येऊन बदलून देतो. असं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा टाईप केलं. एक कारखाना हो म्हणाला. दुसऱ्याने यंत्रच परत न्या म्हटलं.

११ फेब्रु., बुधवार
खाणीचे साहेब: "चालून राहिला ना पंखा? मग छेडता कशाला? थांबवायचा तर वरून हुकूम लागतो."
निदान ब बंद ठेवू द्या म्हटलं. नाही. नियमात जोडी लिहिली आहे.

१८ फेब्रु., बुधवार
हुकूम नाही. श. रोज पहिल्या पाळीला खाणीवर जाऊन बसतो, तारेकडे बघत. शेडमधलं काम मी ओढते. रावांनी त्यांची वीज तोडणारी पेटी पार्सलने पाठवली. ती आमच्या खोक्यात बसावी म्हणून पिना त्यांनी स्वतः बदलल्या. ती टेबलावर तयार आहे.
नामदेवला श.ने शिकवलं आहे: दोन्ही हिरवे लागले की ब-चं बटण खाली, ब बंद. त्याने ते दुसऱ्या पाळीच्या माणसाकडून दहादा करून घेतलं. "चुकलास तं पाहा गा," म्हणे.
साहेबांना चौथं पत्र टाईप केलं. पोस्टाने नको, उद्या हाताने नेऊन देईन.
तिसऱ्या पाळीचा माणूस रोज बदलतो. त्याला कोण सांगणार, ते अजून ठरलेलं नाही.