टाक्यांची साक्ष

१४ एप्रिल, रविवार

आज! बाबासाहेबांच्या जयंतीला! उंद्रीची सगळी पोरं पांढरे कपडे घालून विहारापाशी, आणि माझा अश्वजित चिखलीला प्रार्थनेला! निळा झेंडा धरायला वेळ नाही, टाळ्या वाजवत येशूची गाणी म्हणायला आहे.

शेजारच्या कौशल्याबाईंनी मिरवणुकीत विचारलंच, "मॅडम, अश्वजित नाही दिसून राह्यला?" कोणाच्या तरी विहिरीवरची मोटार जळली, दुरुस्तीला गेला, म्हटलं. जन्मभर शाळेत खोटं बोलू नका म्हणून शिकवलं!

१५ एप्रिल

सकाळीच वाजलं. म्हणतो, "आई, बाकीच्या धर्मात गोष्टी हायेत. आमचा येशू इतिहासात हाय. मेला, पुरला, तिसऱ्या दिवशी उठला. लोकायनं डोयानं पाह्यलं."

आमचा! वर्ष नाही झालं, आणि लगेच आमचा!

मी इतिहासच शिकवत आले. म्हटलं, येशू नावाचा माणूस झाला असेल, क्रुसावर दिला असेल, कबूल. पण उठला हे लिहिलं कोणी? त्याच्याच लोकांनी, तेही कित्येक वर्षं उलटल्यावर. कबरीवर कोण गेलं, किती जणी गेल्या — बायबलातल्या चार पुस्तकांत चार तऱ्हा. पोरांनी असे पेपर लिहिले असते तर एकालाही पास केलं नसतं. आणि एकमेव कसला? मेलेले उठवणारे बाबा आपल्याकडे पैशाला पासरी!

"मंग बुद्ध जन्मल्याबरोबर सात पावलं चालले, ते? विहाराच्या भिंतीवर चित्र हाय."

ती दंतकथा आहे, आम्ही मानत नाही!

"मंग चित्र काऊन काढलं?"

मी आणखीच ओरडले.

२० एप्रिल

तो कामावर गेल्यावर त्याचं बायबल वाचून काढलं. चोराचं दप्तर तपासावं तसं. एकच माणूस आवडला — थोमा. बाकीचे शिष्य सांगतात येशू उठला, हा म्हणतो, जखमेत बोट घातल्याशिवाय मानणार नाही. अख्ख्या पुस्तकात एवढाच आमच्यातला! ऐकीव म्हणून मानू नका, हे तथागतांनी केव्हाच सांगून ठेवलंय.

पण पुढं लिहिलंय, न पाहता विश्वास ठेवतात ते धन्य. धन्य म्हणे!

२१ एप्रिल

गेला प्रार्थनेला. जेवलासुद्धा नाही.

२८ एप्रिल, रविवार

सांगून टाकलं. बुद्धपौर्णिमेला विहारात माझ्या शेजारी उभं राहून त्रिशरण म्हणायचं. नाही तर हे घर तुझं नाही. अश्वजितचे बाबा, माणिकराव, असते तर एवढी मुदतही दिली नसती. देवधर्माच्या नावानं मान खाली घालायची नाही, म्हणून आपल्या माणसांनी काय काय सोसलं!

एकुलता एक पोरगा. तरी बोलले.

तो म्हणाला, "एकदा येऊन तं पाह्य. मंग काढ मले."

येते म्हटलं. भर सभेत एकेकाची बोलती बंद करीन.

५ मे, रविवार

चिखलीला जाऊन आले. पत्र्याची शेड, प्लास्टिकच्या खुर्च्या, ढोलकी. पास्टरचं नाव भगवंतराव! हसूच आलं.

गाणी झाल्यावर साक्षी सुरू झाल्या. प्रभूनं आपलं काय भलं केलं ते उभं राहून सांगायचं. एकाची दारू सुटली. एकीला मूल झालं. मग अश्वजित उठला.

"माह्या आईच्या पोटात गाठ होती. डॉक्टरनं आशा सोडली. आपण इथं प्रार्थना केली. आज आई समोर बसेल हाय."

हालेलुया! सगळ्यांच्या माना माझ्याकडे.

अंगाचा तिळपापड झाला. उठून उभी राहिले. म्हटलं, मागच्या श्रावणात अकोल्याच्या डॉक्टरांनी माझी गाठ कापून काढली! पदर सरकवून पोटावरचे टाक्यांचे वण दाखवले. लाज वाटली नाही. "हे पाहा! बोट लावून पाहा! असे बनतात तुमचे चमत्कार. मी जिवंत असताना, माझ्या डोळ्यांदेखत बनला. मग त्या येशूच्या गोष्टीत इतक्या वर्षांत काय काय बनलं असेल?"

भगवंतरावांची मान खाली. अश्वजित तोंड झाकून रडत होता. रड म्हटलं!

एसटीनं एकटीच परत आले. जिंकले. भाकरी गोड लागली.

६ मे

सकाळी तो चुलीपाशी येऊन बसला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, गाठ काढलीच नाई त्यायनं. पोट उघडलं, पाह्यलं, अन् तसंच शिवलं. तुही आई दिवाळी नाई पाहत म्हणे. तुले सांगाची हिंमत नाई झाली मले."

दिवाळी होऊन सहा महिने झाले.

"चाल, अकोल्याले जाऊन तपासू. तुले पुरावा पाह्यजे ना?"

स्टँडवर न्यायला रिक्षा दारात उभी आहे. मला पुरावा नको आहे.