रेघेपासून फळीपर्यंत

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. अण्णांची उजवी बाजू लुळी पडल्याचं वाचलं आणि छापखान्यातच कागदाच्या गठ्ठ्यावर बसून राहिलो. फोरमननं दोनदा हाक मारली म्हणे, मला ऐकूच आली नाही. ज्या हातानं पन्नास वर्षं रंधा मारला तोच हात जावा, याला काय म्हणायचं?

डाव्या हाताला काहीतरी काम द्या असं डॉक्टर म्हणाले, म्हणून तू माळ्यावरून आपली फळी काढलीस, हे फार बरं केलंस. अण्णांनी केलेली ती तिरकी फळी, तिच्या वरच्या अंगाला गोल भोक आणि आईनं जुन्या पडद्यांच्या शिवलेल्या, मक्याचे दाणे भरलेल्या आठ पिशव्या, सगळं डोळ्यांसमोर आलं. परसात वीस फुटांवर रेघ ओढायची, पिशवी फेकायची आणि भोकात गेली की सगळ्यांनी मिळून ‘गिळली!’ म्हणून ओरडायचं. शेजारचे पोस्टमनकाका दोन गिळवून आठवडाभर मिरवायचे. आणि तू हळूच रेघेपुढे अंगठा सरकवायचीस! अण्णांनी तो पकडला नाही असा एक रविवार आठवत नाही.

आता मुद्द्याचं. इथे नवं छपाईयंत्र बसतंय आणि ते माझ्या अंगावर आहे. मालक म्हणतात, आत्ता आठ दिवस जाऊन ये, नाहीतर यंत्र सुरू झाल्यावर सप्टेंबरअखेर महिनाभर जा. दोन्ही मिळणार नाही. डॉक्टरांचं बोलणं माझ्या डोक्यावरून जातं. तू मला फक्त आकडा कळवत जा, आठातल्या किती गिळल्या. आकडा घसरला तर असेन तसा निघेन.

अण्णांना नमस्कार सांग. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
धाकटा


१६ जून

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दाढीमिशा आल्या तरी तुझी चहाडीची खोड गेली नाही. अंगठ्याचं ते प्रकरण पोस्टमनकाकांनाही आठवतंय, म्हणजे मी जन्माची बदनाम झाले.

अण्णांना उभं राहता येत नाही, म्हणून डावीकडे कुंपणाची भिंत येईल अशी त्यांची खुर्ची रेघेवर मांडते. पहिल्या दिवशी आठही पिशव्या कुंड्यांत पडल्या. त्यांचं बोलणं तसंही ओठांतच अडकतं, पण रात्री ताटाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मला तर रडूच आलं. मग मात्र हात बसत गेला. परवा तीन गिळल्या, काल पाच! पोस्टमनकाका असे ओरडले की समोरच्या बाई खिडकीत आल्या. अण्णा हसले, ओठाच्या एकाच बाजूनं हसले, आणि पोटभर जेवले.

शाळेचे चाळीस गणवेश शिवायचे पडलेत, पण संध्याकाळी मशीन बंद करून मी परसातच असते. तू काम टाकून धावू नकोस. पाच म्हणजे थोडं नाही.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माया आहेच, पत्र मात्र वेळेवर असावं.

तुझी,
ताई


२ जुलै

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

डाव्या हाताचं अक्षर आहे. कोंबडीनं लिहिलं असं समजून वाच. ताई कापड आणायला गेली आहे, तोवर उरकतो. पत्र पोस्टमन टाकेल. निवृत्त झाला तरी पेटीपर्यंत जायला त्याला निमित्तच हवं असतं.

ताई माझं फार करते. तिला कधी बोलू नकोस. काल सहा गिळल्या. तू आकडे मागवतोस असं कळलं. नुसता आकडा सांगणाऱ्या सुताराकडून दार करून घेऊ नये, असं मी तुला शिकवलं होतं. किती हे विचारावं, तसं कुठून हेही विचारावं.

हात दुखला. परसात संध्याकाळी बरं वाटतं. दुसरी खुर्ची रिकामी असते.

अण्णा


१२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अण्णांचं स्वतःच्या हातचं पत्र आलं! अक्षर वाकडं, पण सुतारकीचं तत्त्वज्ञान सुटलेलं नाही, म्हणजे स्वारी ठिकाणावर आहे. आणि सहा! मला उभ्या जन्मात चारच्या वर जमल्या नाहीत. तुझ्या सेवेला यश आलं, ताई.

आज मालकांना सांगून टाकलं, सप्टेंबरअखेर येतो, महिनाभर राहतो. अण्णांना म्हणावं, तोवर तालीम चालू ठेवा, मी हरायलाच येतोय.

लोभ असावा, अंगठा मागे असावा.

तुझा,
धाकटा


१८ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

काल सात गिळल्या. अण्णा जरा लवकर थकतात, पण ते वयानं चालायचंच. पिशव्यांची शिवण उसवून पुन्हा घातली. मधल्या चार ओळी खोडल्या आहेत, त्या वाचायला जाऊ नकोस, पेन गळतंय.

सप्टेंबरअखेर म्हणजे नक्की कुठली तारीख ते कळव. माया आहेच.

तुझी,
ताई


२ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

अण्णांना जाऊन महिना झाला. तार मिळताच तू निघालास, पण त्यांचं तोंडही तुला दिसलं नाही. आठ दिवस राहिलास, मला एका शब्दानं बोलला नाहीस. बोलला असतास तर बरं झालं असतं. तुझ्यासमोर जीभ रेटली नाही, म्हणून आता लिहिते.

ते आकडे खरे होते, पण रेघ खोटी होती. कुंड्यांत पिशव्या पडल्या त्या दिवसानंतर मी रोज खडूची रेघ थोडी पुढे ओढत गेले. आधी वीतभर, मग फूटफूट. पुढे हातात जोर राहिला नाही, तेव्हा शिवण उसवून पिशव्यांतले दाणेही काढले. शेवटी रेघ पाच फुटांवर आली. फळी त्यांच्या मांडीवर ठेवायचीच काय ती बाकी होती! त्यांनी जेवावं म्हणून हे सुरू केलं, मग तुला तोच आकडा लिहीत राहिले. तुला आनंद झाला की मलाही खरं वाटायचं. खोडलेल्या चार ओळींत ‘लगेच निघून ये’ असं लिहिलं होतं. मीच ते खोडलं.

काल परस धुवायला काढलं. खुर्ची जिथे जिथे सरकत गेली तिथे तिथे भिंतीवर, खाली, सुतारी पेन्सिलीच्या खुणा निघाल्या. डाव्या हाताला पोचेल एवढ्याच उंचीवर. प्रत्येक खुणेशेजारी आकडा आहे. वीस, अठरा, पंधरा, अकरा, आठ, पाच. विटा मोजून लिहिले असणार. वर्षानुवर्षं माझा अंगठा पकडला, धाकट्या, तसा या वेळीही पकडला होता, पण मला कळू दिलं नाही.

तुझी नि त्यांची भेट मी चुकवली. काय बोलायचं ते मला बोल.

ताई


११ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अण्णांचं जुलैतलं पत्र सोबत पाठवतो. तू ते पाहिलेलं नाहीस. ‘किती’बरोबर ‘कुठून’ही विचारावं, आणि दुसरी खुर्ची रिकामी असते, असं त्यात लिहिलंय. वाच, मग पुढचं वाच.

ताई, रेघ सरकतेय हे मला ते पत्र आलं त्याच दिवशी कळलं होतं. मी सुताराचा मुलगा. वीस फुटांवरून लुळा पडलेला म्हातारा खुर्चीत बसून डाव्या हातानं सहा गिळवतो, हे कोण खरं मानेल? पत्र तीनदा वाचलं, घडी घातली आणि मालकांना जाऊन सप्टेंबर सांगितला. यंत्र मी बसवत होतो आणि ते दुसऱ्याच्या हाती जाऊ द्यायचं माझ्या जिवावर आलं होतं. तुझ्या आकड्यांनी माझी सोय झाली.

‘रेघ किती फुटांवर आहे’ एवढंच विचारलं असतं तर तू खोटं लिहिलं नसतंस, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच विचारलं नाही. रेघ तू ओढलीस, पण पुढे सरकवली ती मी. मला मात्र अण्णांनी पत्र लिहून पकडलं होतं, तरी मी अंगठा मागे घेतला नाही.

यंत्र छान चालतंय. भिंत धुवू नकोस.

लोभ असावा. दर पत्राच्या शेवटी हे सवयीनं लिहीत आलो, आज मागतोय.

तुझा,
धाकटा