डकोटाला चांदीचा वर्ख

३ जानेवारी, सकाळी

शर्वरीने, म्हणजे माझ्या नातीने, पुण्याहून ही डायरी पाठवलीय. म्हणते, आजी, रोज लिहीत जा, डोकं तल्लख राहतं. डोकं माझं आधीपासून तल्लख आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली ती वेगळी बात. पण कोरी डायरी घरात बरी दिसत नाही.

काल ह्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. झकास झालं. हे काळा चष्मा लावून पलंगावर बसलेत, सिनेमातल्या स्मगलरसारखे. डॉक्टरने महिनाभर धूळ बंद, वाकणं बंद, रंगाचा वास बंद, बारीक काम बंद केलंय. आणि पंचवीस तारखेला लालबागेत प्रदर्शन आहे. छोट्या विमानांचं. ह्यांनी आठ महिने खपून हातभर लांबीचं डकोटा विमान केलंय. ह्यांचे वडील इंदूरच्या विमानतळावर क्लर्क होते. तिथे ह्यांनी लहानपणी चांदीसारखं चमकणारं डकोटा पाहिलं, ते ह्यांच्या डोक्यातून आजतागायत उतरलं नाही. लग्नात मला पाहिलं ते मात्र उतरलं.

चमक आणायची तेवढी बाकी होती. ती आता राहिली. हे म्हणाले, जाऊ दे, पुढच्या वर्षी नेऊ, विमान कुठे पळून जातंय. वरून म्हणाले, प्रमोदिनी, त्या टेबलाला हात लावायचा नाही. तीनदा म्हणाले.

ह्यांच्या आवाजात किती निराशा होती ती बायकोलाच कळते.

संकल्प : विमान मी पुरं करणार. ह्यांना सरप्राईज.

४ जानेवारी

हे झोपले तेव्हा विमान पाहून आले. काळंकुट्ट! तव्याची पाठ असते तसं. चकचकीत, पण काळं. चांदीचं विमान करायला बसलेला माणूस आठ महिन्यांत काळं विमान करतो, मतलब डोळे केव्हाचे गेले होते. आणि आम्ही ह्यांना रोज पेपर वाचायला देत होतो.

डोळ्यात थेंब घालताना सहज विचारलं. तर म्हणाले, काळा तर बेस आहे. धातूचा रंग चमकायला खाली काळा चकचकीत थर लागतो. ह्यात काही लपत नाही, एक बोट उमटलं तरी दिसतं, म्हणून दीड महिना पॉलिश केलं.

मी ऐकून घेतलं. चांदीच्या खाली काळं? पन्नास वर्षं चांदीची भांडी मी घासतेय. काळं निघाल्याशिवाय चांदी दिसत नाही. रंगवाल्याने टोपी घातली ह्यांना.

६ जानेवारी

आज विमान घासलं. आधी चिंच-मीठ. मग भांड्यांची पावडर. बेबी म्हणाली, मांजी, तार की घिसनी दूँ? बेबी आमच्याकडे भांडी-लादी करते, बारा वर्षं झाली, हुशार आहे पण नाजूक कामाची समज नाही. मी म्हटलं, बेटा, हे विमान आहे, कढई नाही. स्पंजनेच घासलं.

काळं निघालं नाही. चकचकीतपणा निघाला. चला, अर्धं काम झालं.

अजून एक. अंगभर बारीक ओरखडे आहेत. सरळ सरळ, उभे-आडवे, सुईने ओढल्यासारखे. बिचारे हे, हात किती थरथरत असेल. पट्टी लावून थरथरला असावा, इतके सरळ आहेत. दिवाळीच्या उरलेल्या मेणबत्त्या वितळवून सगळे बुजवले. बोटाने चेपून. आता अंग कसं गुळगुळीत!

हे आज म्हणाले, ऑपरेशनच्या डोळ्याने समोरच्या गच्चीवरच्या टाकीवरची अक्षरं वाचता आली. किती आनंद झाला म्हणून सांगू. मी शिरा केला.

९ जानेवारी

चमक कशाची आणायची? रंग नको, वास येईल, हे पलंगावरून ओरडतील. भाजी चिरता चिरता सुचलं. वर्ख! चांदीचा वर्ख! बर्फीवर लावतात तो. खरी चांदी. ह्यांच्या त्या बाटलीत नुसता रंग, माझ्या विमानाला खरी चांदी. हे कुणाला सुचलं नसेल.

सियागंजला धनेशच्या दुकानात गेले. मिठाईवाल्यांचं सगळं सामान ठेवतो. धनेश म्हणाला, मांजी, कितनी बर्फी बन री हे? मी म्हटलं, बर्फी नाही, हवाई जहाज आहे. तो म्हणाला, अच्छा, शादी में हे क्या? मी म्हटलं, नाही, लालबागेत. तो हात जोडून म्हणाला, आप लोग बड़े लोग हो.

येताना बरं वाटत होतं.

११ जानेवारी, दुपारी

वर्ख लावणं सोपं आहे. फक्त श्वास घ्यायचा नाही.

पहिला कागद उघडला, मी हुश्श केलं, चांदी उडाली. दुसरा कागद उघडला, दाराशी बेबी म्हणाली, मांजी, चाय रख दूँ? चांदी उडाली. तिसरा नीट बसला, पण माझ्या नाकावर. तशीच थेंब घालायला गेले. हे म्हणाले, नाकावर काय चमकतंय? मी म्हटलं, थंडीची क्रीम. हे म्हणाले, क्रीमला घड्या आहेत.

नजर काय लख्ख झाली ह्यांची! डॉक्टरला पेढे द्यायला हवेत.

विमानाला वर्ख चिकटत नाही. बर्फीला चिकटतो, कारण बर्फी ओलसर असते. विचार करते.

१४ जानेवारी, संक्रांत

मिळालं उत्तर. पाक!

दर संक्रांतीला मी काटेरी हलवा करते. परातीत तीळ, खाली निखारा, थेंब थेंब पाक, बोटांनी फिरवत राहायचं. साऱ्या गल्लीत माझ्या हलव्यासारखा काटा कुणाच्या हलव्याला येत नाही. तेव्हा पाकाची समज मला आहे. आज हलवा झाला, पाक उरला, एकतारी. ब्रशने विमानाला लावला आणि वर वर्ख. असा चिकटला, असा चिकटला, की आता तो निघत नाही आणि माझं बोटही.

पंखांवर जरा काटे आलेत. हातची सवय.

पण संक्रांतीला काळ्या साडीवर पांढरे दागिने शोभतात ना, तसंच दिसतंय विमान. मधे मधे काळं डोकावतं ते मुद्दाम ठेवलं. ह्यांचंच तर म्हणणं की खऱ्या विमानाच्या प्रत्येक पत्र्याची चमक वेगळी असते. माझी तर बोटागणिक वेगळी आहे.

फोटो काढून शर्वरीला पाठवला. तिचा लगेच फोन. आजी, ही कोणती मिठाई? मी म्हटलं, ओळख बघू. तिने फोटो मोठा करून पाहिला वाटतं. मग म्हणाली, आजी, हे आबांचं डकोटा आहे? आबांना माहितीय? आजी, प्लीज, आत्ताच्या आत्ता सांग त्यांना.

पोरगी भारावून गेली. धीर धरवत नाही आजकालच्या मुलांना.

१६ जानेवारी

मुंग्या.

१६ जानेवारी, संध्याकाळी

हळदीची रेघ ओढली. मुंग्यांनी हळदीला वळसा घातला. मग विमान परातीत पाण्यात ठेवलं, तुपाची बरणी ठेवते तसं. मुंग्या आत होत्या त्या आतच राहिल्या. आता जाणार कुठे, चारी बाजूंनी पाणी. खिडकीतून बाहेर बघतात. प्रवाशांसारख्या.

हे म्हणाले, तिकडे सारखं काय करतेस? मी म्हटलं, देवघर आवरते. हे म्हणाले, देवघर इकडे आहे.

१९ जानेवारी

मुंग्यांनी पाक खाल्ला, चांदी ठेवून गेल्या. ती झडते. परातीतल्या पाण्याने चाकं भिजली, एक गळून पडलं. विमान आता काळंही नाही आणि पांढरंही. अंगावर कोड उठल्यासारखं दिसतं.

आज थोडं रडू आलं. कांदा चिरत होते, त्यामुळेही असेल.

नवा संकल्प : घाबरायचं नाही. अजून वेळ आहे. ह्यांना खरं सांगावं काय? नको. डोळ्यावर ताण येतो.

२० जानेवारी

फॉईल! डब्यात पराठे बांधतो ती. स्वयंपाकघरात केव्हाची पडलीय आणि मी उगाच सियागंज पालथं घातलं. सगळं विमान गुंडाळलं. पोटाला छान बसली. पंखांना सुरकुत्या पडल्या, त्या वाटीने घासल्या, थोड्या वाढल्या. शेपटीशी फॉईल जास्त झाली तर तिथे मोदकासारख्या कळ्या घेतल्या. एकवीस नाही, पण सुबक. गळलेलं चाक आत घालून टाकलं. विमान उडताना चाकं आतच घेतं, हे मला माहीत आहे.

बेबीला दाखवलं. म्हणाली, मांजी, गरम रहेगा.

२३ जानेवारी

तुकोजी आले होते. ह्यांचे जुने दोस्त, पलीकडच्या गल्लीत राहतात, तेही विमानं करतात. दोस्ती आहे, पण प्रदर्शन आलं की नाही. हे म्हणाले, यंदा मी नाही रे, विमान तयार आहे, फक्त चमक राहिली. तुकोजी म्हणाले, हाँ भिया, दरसाल कुछ न कुछ रह जाता हे तुम्हारा. हे हसले, पण चष्म्याखालून मला कळलं. म्हणाले, पुढच्या वर्षी बघ, बोट ठेवायला जागा नाही सापडणार.

जिन्यात तुकोजींना गाठलं आणि बांधलेलं खोकं हातात दिलं. म्हटलं, ह्यांच्या नावाने मांडा, आणि तिथे मांडेपर्यंत उघडून बघायचं नाही, तुम्हाला शपथ आहे. तुकोजी म्हणाले, वहिनी, शंकररावला ठाऊक आहे? मी म्हटलं, त्यांच्याचसाठी तर आहे.

आता काही हातात नाही. खोकं गेलं. गाडीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकला. मग एकदा वाटलं, धावत जाऊन परत आणावं. पण गुडघे.

२५ जानेवारी, सकाळी

ह्यांना म्हटलं, चला, नुसते बघायला जाऊ. इतके खूष झाले! इस्त्रीचा शर्ट काढला. मी बक्षीस घ्यायच्या हिशोबाने नारायणपेठ नेसलेय.

२५ जानेवारी, संध्याकाळी

गेलो.

लालबागेत मोठा मांडव होता, लांब टेबलं, विमानंच विमानं. हे एकेकापाशी थांबत होते. एका चांदीच्या विमानापाशी मला म्हणाले, बघ, ह्याच्या पत्र्यांच्या जोडाच्या रेषा बघ, सुईने कोरल्यात, ह्याला म्हणतात मेहनत. मला आत कुठेतरी गार वाटलं. थंडी होतीच.

पुढच्या टेबलाभोवती गर्दी. एक बाई नवऱ्याला विचारत होती, ये खाने का हे क्या? तिथे कार्ड होतं. शंकरराव, नॅचरल मेटल फिनिश. ह्यांनी काळा चष्मा काढला. डॉक्टरने उन्हात काढू नका म्हटलं होतं, पण मांडवात ऊन नव्हतं. वाकायचं नाही, तरी वाकले. शेपटीच्या कळ्या पाहिल्या. खिडकीशी बोट नेलं, तिथून एक मुंगी बाहेर आली आणि ह्यांच्या नखावर चढली. हे तिच्याकडे बघत राहिले.

तुकोजी सगळ्यांसमोर म्हणाले, भिया, ऑपरेशन पेले करवा लेना था!

सगळे हसले. मी पुढे होऊन काही बोलणार, तेवढ्यात हे म्हणाले, खरंय तुकोजी, मला काही दिसतच नव्हतं रे.

मग एक परीक्षक आले, तरुण होते, वही घेऊन. म्हणाले, सर, ही कोणती टेक्नीक? हे म्हणाले, घरगुती.

नंतर माझा पदर घेऊन ह्यांनी विमान झाकलं. नारायणपेठच्या पदराने. मी तशीच टेबलाला बांधल्यासारखी उभी, विमान खोक्यात जाईपर्यंत.

रिक्षात खोकं मांडीवर. येताना पोहे घेतले. ह्यांनी वरून सेव मागितली नाही. त्यावरून मला अंदाज आला.

तरी एक गोष्ट खरी. चार माणसांत स्वतःच कबूल केलं की दिसत नव्हतं म्हणून. मी तेच म्हणत होते.

२६ जानेवारी

सकाळी ह्यांच्याजवळ बसले. म्हटलं, अहो, तुम्हीच म्हणालात ना काल, दिसत नव्हतं म्हणून. मग माझं काय चुकलं? मी तर सावरूनच घेतलं.

हे बराच वेळ चहा ढवळत होते. साखर घातलीच नव्हती मी. मग म्हणाले, मोतीबिंदू उजव्या डोळ्यात होता, प्रमोदिनी. विमान मी डाव्याने केलं.

२७ जानेवारी

हे टेबलाशी बसलेत. मी म्हटलं, डॉक्टर काय म्हणाले आठवतंय का. ह्यांनी फॉईल काढली. आता टूथपिकने एकेका रेषेतलं मेण काढतायत. मी म्हटलं, गरम पाणी ओतू का, झटक्यात निघेल. हे नको म्हणाले. म्हटलं, टॉर्च धरू? नको. नुसती फुंकर मारू? नको.

मग माझ्याकडे पाहिलं, दोन्ही डोळ्यांनी, आणि म्हणाले, तुला करायचंच आहे ना काहीतरी? आण ती खुर्ची.

मला काम मिळालंय. खुर्ची भिंतीला लावून बसायचं. दोन्ही हात मांडीवर. काही उचलायचं नाही.

दुपारपर्यंत बसले. फक्त डायरी लिहायला उठलेय, आता परत जाते.