एका बोटानं उघडणारा सोफा

क्वाय चुंग, हाँगकाँग
८ नोव्हेंबर १९९५

प्रिय आ-हान,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि सोबतची व्हिटॅमिनची बाटली पोहोचली. इकडे सगळं ठीक. व्हँकुव्हरला थंडी पडायला लागली असेल, छाती जप. उत्तराला उशीर झाला. फोन करता आला असता, पण फोनवर तू मध्येच बोलतेस, मग मी चिडतो, मग दोघंही गप्प बसतो आणि त्या गप्प बसण्याचंसुद्धा बिल येतं. कागद मध्येच बोलत नाही.

तू लिहिलंस, "दादा, त्या एवढ्याशा खोलीत आईला पाय पसरायला तरी जागा आहे का?" तर त्या एवढ्याशा खोलीत मी माझ्या हातानं काय काय केलंय ते आधी ऐक. भिंतीत दुमडून जाणारं जेवणाचं टेबल. वर बसून बूट घालता येतील असं चपलांचं कपाट. आमच्या दुमजली खाटेभोवतीची फळ्यांची भिंत आणि तिचं सरकतं दार. खाली आम्ही दोघं, वर सगळ्या ऋतूंचे कपडे. बाबांची फळी, म्हणजे त्यांचा फोटो, लाल दिवा आणि उदबत्तीचं भांडं ठेवायची. ती त्यांच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीआधी एकही खिळा न मारता केली होती, तू पाहिली आहेसच. दाराशेजारचं हत्यारांचं कपाट, बत्तीस खणांचं. त्याचा एक खण आत ढकलला की आतल्या हवेच्या दाबानं शेजारचा खण आपोआप बाहेर येतो, इतके ते नेमके बसलेत. असं कपाट या इमारतीत नाही, आणि या इमारतीत पाचशे घरं आहेत. आणि शेवटी आईचा सोफा, जो रात्री पलंग होतो. तो मी पाच वेळा केला.

मला हे कुणी शिकवलं नाही. शिवणयंत्रं दुरुस्त करता करता लोखंड कळलं आणि मोडकी खोकी गोळा करता करता लाकूड. हे तुला माहीत आहे. तरी लिहितो, कारण पुढचं समजायला ते लागेल.

तुझ्या पत्रातला खरा मुद्दा मी विसरलेलो नाही. आईला वृद्धाश्रमात ठेवायचं की नाही, हाच ना? त्याच्याकडेच येतोय. पण वाट सोफ्यावरून जाते.

आईला आम्ही खाटेचा खालचा मजला देऊ केला होता. तुझ्या वहिनीनं, साऊ-पिंगनं, तर गादीची खोळही बदलली. आई म्हणाली, "तिथं आत खोक्यात मला नको. मी बाहेरच बरी, यांच्या समोर." म्हणजे बाबांच्या फळीसमोर. म्हणून सोफा. समोरच्या भिंतीला, एका बाजूला फ्रीज, दुसऱ्या बाजूला माझं कपाट, मधे सव्वाचार फूट. तेवढ्यात दोन माणसांचा सोफा बसतो. झोपायचं तर तो पुढच्या बाजूला उघडायला हवा.

दुकानातले असले सोफे मी बरेच दुरुस्त केलेत. सगळ्यांचा रोग एकच. पलंग चांगला असतो, उघडणं वाईट असतं. जो सोफा उघडायला जीव काढतो तो महिन्याभरात नुसता सोफा होऊन बसतो आणि माणूस त्याच्यावर मुटकुळं करून झोपतो. म्हणून मी ठरवलं, आपला सोफा एका हातानं उघडला पाहिजे, आणि तो हात आईचा असला पाहिजे.

पहिला तयार झाला. आई म्हणाली, "छान आहे रे. पण जड आहे."

खाली मासळीवाल्याकडून आकड्याचा काटा आणला, सोफ्याला अडकवला आणि ओढून पाहिलं. काटा नऊ किलोवर. बरोबर होतं तिचं. दुसऱ्याला चाकं लावली, चार किलो. आई म्हणाली, "आता हलका झाला, पण जरा जडच." तिसऱ्याला स्प्रिंग लावली. तो स्वतःहून उघडायचा, पण मिटताना असा आवाज करायचा की पलीकडची फुंग काकू सोंगट्या खेळायला आली होती ती ओरडली, "अगं बाई, हा सोफा आहे की मगर? माझी बोटं मोजून घे!" चौथ्यात आवाज घालवला. पाचव्याला मोटारीची डिकी ज्याच्यावर वर जाते तो हवेचा दट्ट्या भंगारातून आणून बसवला. मग तो एका बोटानं उघडायला लागला. खोटं नाही, करंगळीनं.

आई खूश. सोंगट्या खेळायला बायका जमल्या की आधी हा खेळ व्हायचा. "बघा हं," म्हणायची, करंगळी लावायची आणि पलंग अल्लद पुढे. फुंग काकू म्हणायची, "माझ्या मुलानं मला बँकेत खातं काढून दिलं, पण ते काही असं उघडत नाही." सगळ्या हसायच्या. मग आई पलंग मिटवायची आणि वर बसून डाव मांडायची.

रोज सकाळी पलंगाची चादर मी पाहत असे. एक सुरकुती नाही. मला वाटे, माझा फोम किती चांगला बसलाय.

तू फोनवर विचारलंस तेव्हा "आई मजेत झोपते" असं मी सांगितलं ते या चादरीच्या भरवशावर.

आता लिहायलाच हवं. सप्टेंबरच्या शेवटी एका सकाळी मी दात घासत होतो आणि बाहेर धप्प झालं. आई खाली पडली होती, सोफा मिटलेला होता, उशी सोफ्याच्या हातावर होती. ती पलंगावरून पडली नव्हती. ती मिटलेल्या सोफ्यावर गुडघे पोटाशी घेऊन झोपली होती आणि कूस बदलताना गेली. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, त्यातले पाच झालेत. हाड नीट जुळतंय, डॉक्टर खूश आहे. तुला कळवलं नाही, कारण तुझं पत्र त्याच आठवड्यात आलं होतं आणि हे कळवलं असतं तर तुझ्या पत्राला दुसरं उत्तर उरलं नसतं.

मी साऊ-पिंगवर ओरडलो, "तुला माहीत होतं?"

"मला कसं माहीत असणार? आपण आत गेल्यावर त्या झोपतात आणि आपल्याआधी उठतात. पण चादरीला कधी घडी पडत नाही हे मला दिसत होतं. तुम्हालाही दिसत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सगळ्यांना फोम दाखवत होतात, अहो. मधे कुठे बोलू?"

आईला विचारलं. ती म्हणाली, "जड आहे रे."

आ-हान, करंगळीनं उघडणारा सोफा जड आहे म्हणते म्हटल्यावर मी काय करणार होतो? मला वाटलं, तिचं वय झालं. उघडणं-मिटणंच आता तिच्या डोक्याला झेपत नाही. तुझं म्हणणं खरं असेल असं पहिल्यांदा वाटलं.

म्हणून तू निवडलेलं ठिकाण मी पाहून आलो. हेही कळवलं नव्हतं. स्वच्छ आहे. मुली मायाळू आहेत, म्हाताऱ्यांशी ओरडून नाही, वाकून बोलतात. खिडकीजवळची खाट मोकळी होती, हँडल फिरवून वर-खाली होणारी. मी खाली वाकून पाहिली, काम चोख आहे, मला नावं ठेवायला जागा सापडली नाही. विचारलं, नवऱ्याचा फोटो ठेवता येईल का? म्हणाल्या, फोटो ठेवा, उदबत्ती आणि दिवा नाही, आगीचा नियम आहे. नियम बरोबरच आहे. परत येताना बसमध्ये मी तुला लिहायचं पत्र मनात तयार केलं होतं. त्यात "हो" होतं.

घरी आलो. आई टेबलाशी बसून एका हातानं शेंगा सोलत होती. मला वाटलं, ती जायच्या आधी निदान चूक कुठे झाली ते कळू दे. पाच सोफे केले, पण सगळे खाली जिन्याजवळच्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात. उघडून पाहायचो, झोपून पाहायचो, तेही तिथेच. घरात आणल्यावर त्याच्यावर मी एकदाही झोपलो नव्हतो. मोजमाप झालेलं असताना झोपायचं कशाला? तर त्या दिवशी करंगळी लावली, पलंग पुढे आला, आणि मी पाठ टेकून पाय लांब केले.

पायावर फाडकन प्लास्टर बसलं.

"पाय घे! आधी पाय घे! बापाच्या तोंडावर पाय करून झोपतोस? लाज नाही वाटत?"

मी मान उचलून पाहिलं. माझे दोन तळवे, आणि त्यांच्या बरोबर मधे, समोरच्या भिंतीवर, बाबा. लाल दिव्यात. मधे हातभर अंतर.

पन्नाशीला आलेल्या माणसानं पाय पोटाशी घेतले, आ-हान. आई झोपायची तसेच.

साऊ-पिंग हसायला लागली आणि मग रडायला लागली. मी म्हणालो, "आई, एवढंच होतं तर सांगायचं नाही का?"

"काय सांगायचं? तू एवढा जीव लावून करत होतास. सांगितलं असतं तर त्यांची फळी काढून स्वयंपाकघरात टांगली असतीस."

टांगली असती. मी तेव्हाही आधी फळीकडेच पाहिलं होतं, स्क्रू कुठे आहेत ते आठवत. ती फळी कुठे लावायची ते आईनं दिशा पाहणाऱ्याला बोलावून ठरवलं होतं, आणि मी त्या वेळी त्या माणसाची टिंगल केली होती.

"आणि तुम्ही तरी काय विचारलंत?" साऊ-पिंग म्हणाली. "पाचही वेळा 'जड आहे का?' एवढंच. त्या बिचाऱ्या 'आहे' म्हणाल्या."

मला वाटलं विषय संपला. आई शेंगांकडे वळली, आणि तिकडे तोंड करूनच म्हणाली, "तिथल्या खाटेवर पाय कुणाकडे येतात रे? बघून आलास ना?"

"कुठल्या खाटेवर?"

"दुपारच्या वेळी बूट पुसून तू कधी बाहेर पडलास? सांग ना. पाय कुणाकडे येतात?"

"भिंतीकडे."

"कोरी भिंत?"

"कोरी."

"मग बरंय," ती म्हणाली. "तिथं मला झोप लागेल." आणि शेंगा सोलायला लागली.

ती रुसून म्हणाली नाही. टोमणाही नव्हता. तिनं खरोखर हिशेब केला होता की मुलाला त्रास नको, मुलगी एवढी म्हणतेय, आणि पाय कोऱ्या भिंतीकडे आहेत. हे वाक्य मी तुझ्यासाठी जसंच्या तसं लिहिलंय. माझ्यासारखं तूही ते एकदा ऐकावंस असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. सोफा पुढे नको तर आडवाच उघडायला हवा, म्हणजे बाबा कुशीला येतील. पण आडवा सव्वाचार फूटच. आई चार फूट दहा इंच. लांबी मिळायची तर एका बाजूनं. मी आईला विचारलं (या वेळी विचारलं), "डोकं कुठल्या बाजूला?"

"दाराकडे. दाराकडे पाय करून माणूस घरातून एकदाच निघतो. एवढंही कळत नाही आणि लोक तुला मिस्त्री म्हणतात!"

दाराकडे म्हणजे माझ्या कपाटाकडे.

बत्तीस खण काढायला सकाळ गेली. कपाट दुकानात अखंड जात नव्हतं, करवतीनं मधोमध कापावं लागलं. आता एक खण ढकलला तर दुसरा बाहेर येत नाही, हवा फटीतून जाते. साऊ-पिंग म्हणाली, "थांबा हो, दुसरा काही मार्ग काढू." मी म्हणालो, "तू बाजूला हो, भुसा उडेल."

सहाव्या सोफ्यात दट्ट्या नाही, स्प्रिंग नाही, चाकं नाहीत. सोफ्याचा दाराकडचा हात बाहेर पडतो आणि उशीची जागा होतो. दोन बिजागऱ्या आणि एक लाकडी खुंटी. एवढंच. पाहून कुणी तोंडात बोट घालणार नाही. आईनं तो प्लास्टरच्या हातानं ढकलून पाडला आणि मला म्हणाली, "हा हलका आहे." मी काटा लावून पाहिला, लावल्याशिवाय मला राहवत नाही. पाचवा याच्यापेक्षा हलका होता.

फुंग काकू नाराज आहे. "मगर बरी होती," म्हणते.

आज सकाळी चादर पाहिली. चुरगळलेली होती, एक टोक जमिनीला लागलं होतं, आणि उशीवर आईचे दोन पांढरे केस. मी ती तशीच राहू दिली. साऊ-पिंग आवरायला आली तर तिला म्हटलं, असू दे जरा वेळ.

तुझ्यावर राग नाही, हे नीट वाच. तू दुरून जेवढं दिसलं तेवढ्यावरून बोललीस. मी त्याच खोलीत राहून तेवढंही पाहिलं नाही. नव्या वर्षाला येता आलं तर ये. आईचं प्लास्टर तोवर निघालेलं असेल, ती तुला सोफा स्वतः दाखवेल. तू खाटेच्या वरच्या मजल्यावर झोप, कपडे मी हलवतो. तिथून पाय फक्त फ्रीजकडे येतात.

मघाशी आईला तुझं पत्र पुन्हा वाचून दाखवलं, आकड्यासकट. ती म्हणाली, "पोरगी किती कष्ट करत असेल." म्हणून तुझ्या मुद्द्याचं उत्तर साफ लिहितो, पुढे शंका नको. तू देऊ केलंस ते असं: खिडकीजवळची खाट, आई असेपर्यंत, सगळा भार एकट्या तुझ्यावर, महिन्याला साडेआठ हजार हाँगकाँग डॉलर. आपल्या घरात कुणी कुणाला एवढं देऊ केल्याचं मला आठवत नाही. मी "नाही" म्हणतोय.

तुझा दादा,
यिउ-चुंग