दहावा शब्द

ता. ९ फेब्रुवारी

चि. भाऊस,
आशीर्वाद नेहमीचेच, यंदा हात जरा जड आहे.

माझे गुडघे कुरकुरतात, पण चालतात. तू घसा जप. शाळाभर प्रार्थना शिकवायची तर तेच तुझं अवजार.

आता जे विचारायचं ते. परवा ह्यांना जाऊन वर्ष झालं. रीतीप्रमाणे अकरा महिने लेक, तुझ्याच शाळेतली विज्ञानाची बाई, शाळेच्या वाचनालयात बापासाठी कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणत आली. दहाजण जमल्याशिवाय ते म्हणता येत नाही, आणि वर वाचनालयात बायकाही दहांत धरतात. खाली तुझ्या खोलीत फक्त पुरुष. ज्यू शाळेत दोन्ही रीतींना जागा, कुणी कुणाला नावं ठेवायची नाहीत, हे तूच मला कौतुकानं लिहिलं होतंस. परवा वर्षाचं म्हणायला, वर रंगकाम होतं म्हणून, ती खाली आली. तू मोजलंस आणि पुस्तक मिटलंस, एवढंच गणिताच्या बाईंकडून कळलं. लेक घरी येऊन जेवली, भांडी घासली, झोपली. ह्यांनीच तुला त्या शाळेत चिकटवलं, हे काढायचं नव्हतं. निघालं. काय झालं ते तुझ्या हातानं लिही.

तुझी,
ताई


ता. १६ फेब्रुवारी

ती. ताईस,
नमस्कार. पाया पडतो असं लिहायला या वेळी जीव धजत नाही.

बाईंनी सांगितलं ते खरं आहे. माणसं आकड्यांनी मोजायची नाहीत, म्हणून आपण दहा शब्दांचं वचन म्हणतो, माणसामागे एक शब्द. पोरीला ते मीच शिकवलं, ती चार वर्षांची असताना, दाराबाहेरच्या चपलांवर. त्या दिवशी नवव्या शब्दावर पुरुष संपले. दहावा जिभेवर होता आणि दारात ती होती, भावजींचं पुस्तक घेऊन. मी घड्याळाकडे पाहिलं. वीस मिनिटं थांबलो. आमचा शिपाई दुसऱ्या धर्माचा. त्यानं गमतीनं विचारलं, सर, टोपी घालून मी उभा राहू का? त्याला मी हसून नाही म्हणालो. तिला तेवढंही नाही.

गावच्या एका खोलीच्या शाळेत शिकलेला माणूस मी. रीत जशी हातात आली तशी पुढे द्यायची, एवढंच कळतं. माझ्या मनाला पटेना ते मी देवाला कसं पटवू? पण भावजींचा दिवस कद्दीशवाचून गेला, हेही त्यालाच सांगावं लागेल.

रागावलीस तरी पत्र बंद करू नकोस.

तुझा,
भाऊ


ता. २८ एप्रिल

ती. ताईस,
नमस्कार. तुझं पत्र आलं नाही, तरी लिहितो.

काल आईचा दिवस होता. परीक्षांच्या गडबडीत खाली सहाजण आले. थांबलो, मग जिना चढलो. बारा वर्षांत पहिल्यांदा. वाचनालयाच्या दाराशी उभा राहिलो, आत पाऊल टाकलं नाही. नव्या रंगाचा वास अजून आहे.

पोर मोजत होती. तेच वचन, माझ्याच चालीत. आत नऊ होते, त्यांत पाच बायका. तिनं मान वर केली आणि दहावा शब्द माझ्यावर ठेवला. आत या म्हणाली नाही, काही विचारलंही नाही. मग सगळे माझ्यासाठी थांबले, कारण आईसाठी मुलानं म्हणायचं.

ताई, माझं तोंड उघडलं नाही. माझ्या लेखी तिथे माझ्यासकट पाचच होते. शेवटी पोरीनंच आजीसाठी म्हटलं, एक अक्षर न चुकता. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मी तेही म्हटलं नाही.

खाली येताना नोटीस बोर्डावर वाचलं, विज्ञानाच्या बाई या महिन्याअखेर शाळा सोडत आहेत. मामाला हे बोर्डावर कळलं. शिपाई म्हणाला, बाईंनी सामानाची पेटी कालच बांधली.

आता माझ्या खोलीत सहा, वाचनालयात ती गेल्यावर आठ. दोन्हीकडे शाळेनं खुर्च्या मात्र वीस-वीस ठेवल्या आहेत.

लोभ वाढव म्हणायला तोंड नाही. पण माझा दिवस येईल तेव्हा मुलंबाळं नसलेल्या माझ्यामागे म्हणणारी तीच एक आहे. तिला सांग, मला दहांत धरलं नाही तरी चालेल, फक्त तेवढं म्हण.

तुझा,
भाऊ